आबांची रिकामी ओळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रिंटर अडकला तरी मी त्याला चार शब्द सुनावते. पण ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे, त्या आठवड्यात रागावायला समोर कुणी नव्हतं. चूक माझी होती आणि शिक्षा आबांना होत होती.

आबा म्हणजे माझे वडील. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, ते कलर मास्टर आहेत. अमळनेरकडचं गाव सोडून ते सुरतेत आले तेव्हा आधी कापडाचे तागे उचलायला लागले, मग रंगाच्या बादल्या, आणि बादल्या उचलता उचलता त्यांना रंग कळायला लागला. शिक्षण सातवी. पण बोटाएवढी चिंधी हातात दिली तर ती दारातल्या उजेडात धरून सांगतात की यात निळा किंचित जास्त झालाय. मिलच्या लॅबमधलं यंत्र तेच सांगतं, फक्त थोडं उशिरा. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. सांगतेही मुलगी म्हणूनच, पण खरं आहे ते.

प्रत्येक लॉटसाठी आबा एक चिठ्ठी लिहायचे. साड्यांचा लॉट मशिनमध्ये चढला की त्यात काय, किती आणि कोणत्या क्रमानं घालायचं ते त्या चिठ्ठीवर असायचं. एका ओळीत एकच वस्तू, पुढे वजन. आणि मध्येच एक ओळ रिकामी. ती रिकामी ओळ म्हणजे आबांचा हुकूम. तिच्यापर्यंत आलं की ऑपरेटरनं हात बाजूला घ्यायचा, पुढचं काही घालायचं नाही, मास्टर येऊन पाणी बघतील, मग पुढे. दोन ओळी रिकाम्या असल्या तर कापडाचा तुकडा कापून ठेवायचा, मास्टर तो उजेडात नेऊन बघणार.

तिथे सरळ ‘थांबा’ असं का लिहीत नव्हते, हे मीही लहानपणी विचारलं होतं. आबा हसले होते. मशिनवर एक जण ओडिशाचा, एक यूपीचा, दोघं आपल्या धुळ्याकडचे, एक इथलाच गुजराती. कुणाला मराठी वाचता येत नाही, कुणाला गुजराती, एकाला तर काहीच वाचता येत नाही. आकडे मात्र सगळ्यांना येतात, रंगांची अर्धीमुर्धी इंग्रजी नावं डब्यावरून जुळवता येतात, आणि रिकामी जागा कुणालाही दिसते. वर्षानुवर्षं त्या मिलमध्ये असंच चालत आलं होतं.

आता मी. मी सुरतेतच उधन्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार जणांच्या छोट्या कंपनीत वेबची सॉफ्टवेअरं लिहिते. मिलच्या शेठना चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर हव्या होत्या, कारण वाफेनं बॉलपेनची अक्षरं पसरायची आणि जुनी चिठ्ठी शोधायला कपाट उपसावं लागायचं. आबांनी छाती काढून आपल्या अहिराणीत सांगितलं, “मनी पोर करस हाई काम.” काम आमच्या कंपनीला मिळालं. आमचे सर खूश, आबा खूश, मी तर हवेतच.

प्रोग्राम साधा होता. लॅबमध्ये आबा एका मोठ्या चौकटीत चिठ्ठी टाइप करणार. एका बोटानं करायचे, पण करायचे. खाली मशिनपाशी दुसरा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. ऑपरेटरनं लॉटचा नंबर टाकला की छापील चिठ्ठी बाहेर. मधलं काम टेम्प्लेटचं. टेम्प्लेट म्हणजे साचा. वर मिलचं नाव, खाली लॉट नंबर, मध्ये जागा सोडलेली. त्या जागेत आबांनी लिहिलेलं आपोआप येऊन बसतं. मी साचा लिहिला, तपासून पाहण्यासाठी चौकटीत ‘टेस्ट टेस्ट’ असं लिहिलं, छापून पाहिलं, सुंदर आलं. सरांना दाखवलं. आम्ही खाली जाऊन नाश्त्याला गरम लोचो खाल्ला.

पहिले काही दिवस फिक्या, सोप्या शेडचे लॉट होते, त्यांत मध्ये थांबायची गरजच नव्हती, ते निभावून गेले. मग एका लग्नसराईच्या ऑर्डरचा राणी रंगाचा लॉट आला आणि साड्यांवर डागच डाग पडले. पुढच्या लॉटचंही तेच. एकदा डाग बसलेलं ते कापड कोण घेणार? शेठनी चिठ्ठी मागवली, बघितली, आबांना विचारलं की मध्ये थांबायला का नाही सांगितलं. आबा म्हणाले, सांगितलं होतं. शेठनी छापील कागद क्षणभर त्यांच्यापुढे धरला. त्यात थांबायचं काहीच नव्हतं.

“मास्टर हवे घरडा थया,” शेठ म्हणाले. मास्टर आता म्हातारे झाले. चिडून नाही, हळू आवाजात म्हणाले, आणि तेच आबांना जास्त लागलं. शनिवारी पुन्हा राणीचा लॉट लागणार होता. तोही बिघडला तर नवा मास्टर बघायचा, असं ठरलं.

हे सगळं मला बुधवारी संध्याकाळी कळलं, तेही आईकडून. आबा भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, “मी ओळ सोडी व्हती.” मग तो तुकडा ताटात ठेवून म्हणाले, “मनंच चुकनं व्हई. वय व्हई गयं आते.”

माझ्या आबांना मी आयुष्यात कधी ‘माझं चुकलं असेल’ म्हणताना ऐकलं नव्हतं. रंगाच्या बाबतीत तर नाहीच. मला शेठचा असा राग आला की हातातलं ताट आपटणार होते. आईनं ते आधीच काढून घेतलं, तिला माझा स्वभाव माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि आबांबरोबर मिलच्या बसमध्ये चढले. लॅबमध्ये गेल्या गेल्या त्यांचा कॉम्प्युटर लावला, राणीचा लॉट उघडला. चौकटीत सगळं जसंच्या तसं होतं. एका ओळीत एक वस्तू, आणि बरोबर जिथे हवी तिथे रिकामी ओळ. पुढे दोन रिकाम्या ओळी. मी ओरडलेच, “आबा, तुमचं बरोबर आहे! सोडली आहे ओळ!” मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून त्यांना खाली मशिनकडे ओढत घेऊन गेले. आता शेठच्या तोंडावर कागद मारायचा, एवढंच डोक्यात होतं.

खाली वाफ, ओलं कापड, आणि भिंतीवर खिळ्याला टोचलेल्या छापील चिठ्ठ्या. मी राणीची चिठ्ठी काढली आणि उजेडात धरली.

सगळ्या ओळी एकापुढे एक जोडल्या गेल्या होत्या. वस्तू, वजन, वस्तू, वजन, असा अखंड मजकूर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. रिकामी ओळ कुठेच नाही. ओडिशाचा ऑपरेटर शेजारी उभा होता, तो संकोचून म्हणाला, “हमको लगा मास्टर ने तरीका बदल दिया. सब एक साथ डालने को बोले हैं.” त्याचं काय चुकलं? कागदानं जे सांगितलं ते त्यानं केलं. ॲसिड आणि रंग एकदम आत गेले होते.

कारण मला त्याच क्षणी कळलं, आणि ते इतकं प्राथमिक होतं की कुणाला सांगायचीही लाज वाटावी. आपण एंटर दाबतो तेव्हा लिहिण्याच्या चौकटीत नवी ओळ दिसते. साठवतानाही ती साठवली जाते. पण तोच मजकूर साच्यातून वेबच्या पानावर आला की ब्राउझर त्या एंटरला किंमत देत नाही. दहा एंटर असोत की एक, त्याच्या लेखी ती एक मोकळी फट. वेबच्या धंद्यातला पहिल्या आठवड्याचा धडा हा. आणि मी तपासताना लिहिलं होतं ‘टेस्ट टेस्ट’, एका ओळीत. लॅबमध्ये आबांना ओळ दिसत होती, खाली कुणालाच दिसत नव्हती, आणि दोन्हीकडे जाऊन बघणारं कुणी नव्हतं. मी उधन्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

आबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. “तुना कंप्युटरनी मनी ओळ खाई टाकी?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, उलट हायसं वाटल्यासारखं होतं. आपलं डोकं शाबूत आहे हे त्यांना कळलं होतं. मला मात्र रडू आलं, आणि वाफेचं निमित्त चांगलं होतं.

मी तिथूनच थेट ऑफिस गाठलं. सरांना सगळं सांगितलं. सर गुजराती, माणूस भला, पण झटपट उपायाचा भारी सोस. ते म्हणाले, मास्टरना सांग की मध्ये एक ओळ ‘स्टॉप’ म्हणून लिहा, झालं. मी मिलमध्ये आबांना फोन लावला. आबा लगेच म्हणाले, “लिखी दिसू. त्यामा काय शे?” त्यांच्या त्या लगेच तयार होण्यानं माझ्या जिवाला चटका बसला. ज्या माणसाला मशिनवरचे सगळे जण इतकी वर्षं एका रिकाम्या जागेवरून ओळखत होते, तो माझ्या आळसापायी आपली रीत सोडायला निघाला होता. आणि जो ऑपरेटर वाचूच शकत नाही, त्यानं त्या स्टॉपचं काय करायचं? मी म्हटलं, नाही. ओळ रिकामीच राहील. सरांनी खांदे उडवले आणि म्हणाले, शनिवारपर्यंत बघ.

बघते काय! मी बाह्या सरसावल्या. पहिला उपाय सरळ होता: जिथे एंटर असेल तिथे ओळ तोडायची खूण घालायची. खूण म्हणजे दोन टोकदार कंस आणि मध्ये बीआर. घातली, छापलं, तर कागदावर ती खूणच छापून आली, प्रत्येक वजनापुढे. चिठ्ठीवर हे आलं असतं तर ऑपरेटर बीआर नावाचा रंग शोधत गोदामभर फिरला असता. दोष साच्याचा नव्हता. बाहेरच्या माणसानं लिहिलेल्या मजकुरावर साचा विश्वास ठेवत नाही; त्यात कंस दिसले की ते निव्वळ अक्षरं समजून छापतो, म्हणजे कुणी खोडसाळपणानं काही घुसवलं तरी पान बिघडत नाही. हा पहारा बंद करायची सोय असते. शेजारचा सहकारी म्हणाला, कर बंद. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला. एका खिडकीसाठी घराची भिंत पाडायची नसते.

मग मी त्या साच्याच्या भाषेतच तयार मिळणारी युक्ती वापरली. ती आधी मजकुरावर तोच पहारा बसवते, आणि मग स्वतः ओळी तोडते. क्रम महत्त्वाचा, आधी राखण, मग तोड. छापलं. एका ओळीत एक वस्तू! मी टेबलावर थाप मारली. मग जवळून पाहिलं. रिकामी ओळ नव्हती.

इथे मात्र माझं डोकं तापलं. ती युक्ती फार शहाणी निघाली. एक एंटर असेल तर ती ओळ तोडते, पण मध्ये रिकामी ओळ सापडली की तिला वाटतं इथे नवा परिच्छेद आहे. दोन रिकाम्या असोत की पाच, तिच्या हिशेबी एकच परिच्छेद. आणि कागद वाचवायला मीच आमच्या छपाईच्या नियमांत परिच्छेदांमधलं अंतर शून्य करून ठेवलं होतं. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. निबंध लिहिणाऱ्यासाठी ती युक्ती उत्तम असेल. आबांच्या एका आणि दोन रिकाम्या ओळींतला फरक तिला कळणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मला खरं उत्तर सुचलं, आणि ते सुचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच मोठ्यानं हसले. मजकुराला हातच लावायचा नाही! आबांनी लिहिलंय ते जसंच्या तसं पानावर जाऊ द्यायचं, पहारा चालू ठेवायचा, आणि ब्राउझरला दिसण्याच्या नियमांत एका ओळीत बजावायचं की या चौकटीतल्या मोकळ्या जागा आणि ओळी तुझ्या मर्जीनं गिळायच्या नाहीत, आहेत तशा ठेवायच्या. एक ओळ, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याबरोबर साच्यात मजकुराच्या आधी आणि नंतर मीच कोड नीटनेटका दिसावा म्हणून दिलेले एंटर होते, तेही काढून टाकले, नाहीतर चिठ्ठीच्या सुरुवातीलाच एक उपरी रिकामी ओळ आली असती आणि ऑपरेटर काही घालायच्या आधीच थांबला असता.

या वेळी मी ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलं नाही. आबांच्या बावीस जुन्या चिठ्ठ्या आईनं पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या मागवल्या आणि एकेक टाइप करून, छापून, बॉलपेनच्या मूळ चिठ्ठीवर कागद ठेवून खिडकीच्या काचेवर धरून ओळ ओळ ताडून पाहिली. एक रिकामी तिथे एक, दोन तिथे दोन. बावीसच्या बावीस. मी सरांच्या टेबलावर तो गठ्ठा ठेवला तेव्हा माझी मान इतकी ताठ होती की सर म्हणाले, बेन, छताला लागशील.

शनिवारी सकाळी मी पुन्हा पलसाण्याला गेले. ताठ मान बसमध्येच उतरली होती, कारण आता शेठना सांगायचं होतं. सर म्हणाले होते, प्रोग्राम सुधारलाय एवढंच सांग, जास्त खोलात जाऊ नकोस. पण मग आबा म्हातारेच राहिले असते. मी शेठच्या केबिनमध्ये उभी राहिले आणि जमेल तशा गुजरातीत सांगितलं की दोन्ही लॉट माझ्यामुळे गेले. मास्टरनी ओळ सोडली होती, माझ्या साच्यानं ती पुसली. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

शेठनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. “तो मास्टरनी भूल नथी?”

“नथी,” मी म्हटलं. “मारी भूल छे.” इतकं सुटसुटीत वाक्य मी त्याआधी कुठल्याच भाषेत बोलले नव्हते.

शेठ उठले आणि मशिनकडे निघाले. मी मागोमाग. राणीचा लॉट चढला होता. प्रिंटरमधून चिठ्ठी आली, ऑपरेटरनं खिळ्याला टोचली. पाणी, मग एक डबा, मग ॲसिड. आणि तो थांबला. हात पुसून सरळ बाजूला उभा राहिला. रंगाचा डबा पुढ्यात तयार, पण त्याला हात नाही.

एक मिनिट, दोन मिनिटं. शेठना एवढी शांतता सहन होत नाही. “आ बंद केम छे?” हे का थांबवलंय, असं खेकसत ते स्वतःच डब्याकडे वळले.

ऑपरेटर मध्ये आला. मालकाच्या आणि डब्याच्या मध्ये! चिठ्ठीवर बोट ठेवून तो म्हणाला, “खाली लाइन है, सेठ. मास्टर आएँगे.”

शेठनी चिठ्ठीकडे पाहिलं. त्याच्या बोटाखाली काही नव्हतं, कोरा कागद. त्यांनी हात मागे घेतला, कमरेवर ठेवला, आणि आपल्याच मिलमध्ये, आपल्याच मशिनपुढे मुकाट्यानं उभे राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. मी फक्त पिशवीचा बंद घट्ट धरून ठेवला.

आबा लॅबचा जिना उतरून आले. सावकाश आले, मला तर वाटतं मुद्दामच सावकाश आले. पाणी बघितलं, ॲसिड तपासायची कागदी पट्टी बुडवून तिचा रंग बदलतो का पाहिलं, आणि मान हलवली. मग रंग आत गेला. पुढे दोन रिकाम्या ओळींवर तुकडा कापला गेला, आबा तो दाराशी उजेडात घेऊन गेले आणि शेठ त्यांच्या मागून, त्यांच्या खांद्यावरून बघत. तुकडा झगझगीत राणी होता, एकसारखा, डाग औषधालाही नव्हता. शेठनी तो आबांच्या हातून घेतला, चुरगाळून पाहिला, परत दिला आणि पुढच्या महिन्याच्या शेड कोणत्या घ्यायच्या ते आबांनाच विचारायला लागले. नव्या मास्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

लॉट उतरल्यावर आबांनी खिळ्याची चिठ्ठी काढली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. घरी आल्यावर आईपुढे ती उलगडली, चष्मा नीट केला आणि रंग, वजनं सगळं सोडून मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“देख,” ते म्हणाले. “हाई आपली पोरनं काम शे.”

आईनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “आठे ते काहीच नई शे,” ती म्हणाली.

“व्हय,” आबा म्हणाले. “तेनाच करता शेठ उभा व्हता.”

मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.